पेटीला हार घालून ठेवी सुरक्षित होत नसतात

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. रस्त्याचे खड्डे नाहीत, पीकविमा नाही, वाळूचे ट्रकही नाहीत. आजचा विषय आहे एक पेटी. आपल्या भागातल्या पतसंस्था, जिनिंग, दवाखाने, शाळा सगळीकडं सध्या ही पेटी विकायला माणसं फिरायलीत. "ऑल इन वन सिक्युरिटी, एकदा बसवली की टेन्शन संपलं." पोस्ट मोठी आहे, पण ज्याची कुठं दहा-वीस हजाराची ठेव आहे त्यानं शेवटपर्यंत वाचावी.

सप्टेंबरात एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेला गेलो होतो. नाव लिहिणार नाही, कारण शेवटी सांगतो. अहवालात खर्चाच्या बाजूला एक ओळ होती, "सायबर सुरक्षा यंत्रणा". आकडा लाखाच्या पुढचा. मी उठून विचारलं, हे नेमकं काय घेतलं? व्यासपीठावरून उत्तर आलं, "पत्रकार साहेब, सगळ्यात भारी मशीन घेतलंय. आता हॅकरचा बाप आला तरी काही होत नाही." टाळ्या पडल्या. विषय मंजूर. पुढं लाडू-चिवड्याची पाकिटं वाटली.

मला काही चैन पडंना. दसऱ्यानंतर शाखेत गेलो. व्यवस्थापक जुने ओळखीचे. त्यांच्या परवानगीनं, त्यांच्याच समोर, छत्रपती संभाजीनगरला नेटवर्किंगचं काम करणाऱ्या ओळखीच्या एका पोराला सोबत घेऊन ती पेटी बघितली. कपाटावर होती. खंडेनवमीची पूजा झालेली, वर हळद-कुंकू आणि झेंडूचा वाळलेला हार. हार नेमका हवेच्या जाळीवर. पेटी हाताला चटका बसंल इतकी तापलेली.

पोरानं लॅपटॉप जोडला आणि पाच मिनिटांत म्हणला, "काका, ह्याचं लायसन्स संपून चौदा महिने झाले."

आता नीट ऐका. पासवर्ड विक्रेत्यानं बसवताना ठेवला तोच. नव्या व्हायरसची आणि हल्ल्यांची यादी चौदा महिने आलेली नाही. कॅमेऱ्याचा डीव्हीआर, वसुलीवाल्या पोरांचे मोबाईल आणि ठेवींचा हिशोब असलेलं कॉम्प्युटर, सगळं एकाच जाळ्यात. आणि सगळ्यात कळस म्हणजे, रोखपालाच्या टेबलावरचं कॉम्प्युटर पेटीला जोडलेलंच नव्हतं. ते चाललं होतं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. का? तर "पेटीतून नेट लई स्लो चालतंय, गिऱ्हाईक खोळंबतंय."

म्हणजे वाड्याला पोलादी दार बसवलं आणि घरातली माणसं मागच्या खिंडारातून ये-जा करायलीत.

व्यवस्थापक म्हणले, "दादा, तुम्ही कशाला एवढ्या खोलात जायलाव? पेटी आहे ना. ऑडिटला दाखवायला फोटो पण काढलाय." त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना कुणी शिकवलंच नाही. माझं भांडण ज्यांनी विकली त्यांच्याशी आहे, आणि न बघता ज्यांनी घेतली त्यांच्याशी आहे.

आधी ही पेटी काय असते ते साध्या भाषेत. पूर्वी मोठ्या कंपन्यांत वेगवेगळी यंत्रं असायची. एक फायरवॉल, म्हणजे कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही ते ठरवणारं. एक घुसखोरीच्या खुणा ओळखणारं. एक व्हायरस तपासणारं. एक नको त्या वेबसाइट बंद करणारं. एक दूरच्या शाखेला सुरक्षित जोडणारं, त्याला व्हीपीएन म्हणतात. ही पाचही कामं एका डब्यात घातली की झाली युटीएम पेटी. फोर्टिनेटची आहे, सोफॉसची आहे, आपल्या पुण्याच्या क्विक हीलनंही सेक्राइट नावानं आणली. अहमदाबादची सायबरोम याच धंद्यात होती, ती २०१४ साली सोफॉसनं घेतली. आपल्याकडचे जुने विक्रेते अजून या पेटीला सायबरोमच म्हणतात.

खरं सांगायचं तर आपल्यासारख्या ठिकाणी ही ऑल इन वन पेटीच योग्य आहे. तीन शाखांच्या पतसंस्थेनं पाच यंत्रं घ्यायची आणि पाच इंजिनिअर ठेवायचे, हे शक्य नाही. एक पेटी, एक पडदा, एक माणूस, हे परवडतं. तेव्हा मी पेटीच्या विरोधात आहे असं कुणी पसरवू नये. मी विरोधात आहे तो पेटी देवघरात ठेवून मोकळं होण्याच्या.

आता विक्रेता काय सांगत नाही ते बघा.

पहिली गोष्ट वेगाची. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात वेग छापलेला असतो. तो असतो नुसत्या फायरवॉलचा. पाचही कामं चालू केली की तीच पेटी कितीतरी हळू चालते. हा आकडासुद्धा त्याच पत्रकात खाली बारीक अक्षरात असतो, पण तिथं बोट कुणी ठेवत नाही. मोटारसायकलचं कंपनीनं सांगितलेलं अॅव्हरेज आणि डबलसीट, मागं खताचं पोतं घेऊन तेलगाव रोडवर पडणारं अॅव्हरेज यात जो फरक, तोच हा. मग होतं काय? नेट रांगायला लागतं. कर्मचारी ओरडतात. विक्रेत्याचा पोरगा येतो आणि एकेक तपासणी बंद करून जातो. वेग परत येतो, सगळे खूश. पेटी उरते नुसती दिवा लागलेली.

दुसरी गोष्ट कुलूपबंद रहदारीची. आज इंटरनेटवरचं बहुतेक सगळं येणं-जाणं कुलूप लावून होतं. आडत बाजाराच्या गेटवर माणूस बसवला, पण प्रत्येक पोतं सीलबंद. तो पोत्यावरची चिठ्ठी वाचणार, आत सोयाबीन आहे का माती हे त्याला कसं कळणार? सील उघडून तपासायची सोय पेटीत असते. पण त्यासाठी प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये पेटीचं प्रमाणपत्र घालावं लागतं, बँकेच्या काही साइट वगळाव्या लागतात, आणि त्यानं पेटीवर सगळ्यात जास्त ताण येतो. आम्ही बघितलेल्या पेटीत हे पहिल्या दिवसापासून बंद होतं.

तिसरी गोष्ट लायसन्सची. पेटी एकदाच घ्यायची, पण तिची वैरण दर वर्षी. लायसन्स संपलं की दिवे तसेच लुकलुकतात, नेटही चालतं, पण नव्या चोरांचे फोटो यायचे बंद होतात. दारावरचा शिपाई जागेवर आहे, पण त्याच्या हातात मागच्या वर्षीची यादी. ठराव करताना पेटीची किंमत बघून उपयोग नाही, तीन वर्षांचा सगळा खर्च बघावा लागतो. दोन कोटेशनमध्ये स्वस्त दिसणारी पेटी तिसऱ्या वर्षापर्यंत महाग पडलेली असते.

चौथी गोष्ट ऐकून धक्का बसंल. ही पेटी स्वतःच चोराचं दार होऊ शकते. फोर्टिनेटच्या पेट्यांच्या व्हीपीएनमध्ये एक भोक सापडलं होतं. कंपनीनं २०१९ च्या मे महिन्यात त्याची दुरुस्ती दिली. तरी २०२१ च्या सप्टेंबरात जगभरातल्या सुमारे ८७,००० पेट्यांचे लॉगिन-पासवर्ड चोरांनी इंटरनेटवर उघडे टाकले. कारण दुरुस्ती वेळेत लावली नाही, आणि काहींनी लावली तरी पासवर्ड बदलले नाहीत. सोफॉसच्या पेट्यांवर २०२० च्या एप्रिलमध्ये हल्ला झाला. अमेरिकेनं २०२४ च्या डिसेंबरात त्याबद्दल एका चिनी नागरिकावर आरोप ठेवले, त्यात सुमारे ८१,००० पेट्यांचा उल्लेख आहे. या कंपन्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. भोकं सगळ्यांत सापडतात आणि कंपनी ठिगळही देते. पण ठिगळ लावायला आपल्याकडं माणूस कोण? दुर्लक्षित पेटी असण्यापेक्षा... नाही, "नसलेली बरी" असं म्हणणार नाही, पण बेफिकिरीचं समाधान देणारी पेटी जास्त घातक, एवढं नक्की म्हणेन. कुंपणच शेत खातं ते हे असं.

पाचवी गोष्ट, एकच डबा म्हणजे एकच खांब. तो पडला तर सगळंच छप्पर खाली. आपल्याकडं लाइट दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको. पेटीला वेगळा इन्व्हर्टर किंवा यूपीएस नाही, पेटीच्या सेटिंगची प्रत कुठं जपून ठेवलेली नाही, आणि जळाली तर बदली पेटी किती दिवसांत येणार हे करारात लिहिलेलं नाही. मग शाखा बंद ठेवायची का पेटी बाजूला काढून उघड्यावर चालवायचं? उत्तर तुम्हाला माहितीच आहे.

आता म्हणाल, आपल्यासारख्या खेड्यातल्या संस्थेच्या मागं कोण हॅकर लागणार? यासाठी दोन-तीन खऱ्या घटना सांगतो.

पुण्याची कॉसमॉस बँक. १९०६ साली सुरू झालेली, नावाजलेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. चोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरून खरा होकार-नकार देणाऱ्या स्विचच्या जागी स्वतःचा खोटा स्विच उभा केला. एटीएमनं विचारलं, पैसे देऊ का, की खोटा स्विच म्हणायचा, दे. २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी निघाले. भारतातून अडीच कोटी, त्यातले काही आपल्या कोल्हापुरातून. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यावर वळवले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या कोर्टानं ११ जणांना शिक्षा दिली, पण मुख्य सूत्रधार परदेशातच राहिले. एवढ्या मोठ्या बँकेकडं फायरवॉल नसंल का? होतीच. नुसती भिंत असून भागत नाही, भिंतीच्या आत काय चाललंय ते बघणारं कुणीतरी लागतं. आणि ते शनिवार-रविवारीही लागतं. चोर सुटीचा दिवस बघूनच येतो.

दुसरी घटना दिल्लीच्या एम्सची. २०२२ च्या नोव्हेंबरात सर्व्हर बंद पडले आणि देशातल्या एवढ्या नावाजलेल्या दवाखान्याचं काम कितीतरी दिवस हातानं, कागदावर चाललं. नेटवर्कचे नीट कप्पे पाडलेले नव्हते, हे सरकारनं संसदेत सांगितलं. आपल्या शाखेत कॅमेरा, वायफाय आणि हिशोब एकाच जाळ्यात, तोच हा प्रकार.

तिसरी घटना ३१ जुलै २०२४ ची. छोट्या बँकांना सॉफ्टवेअर सेवा पुरवणाऱ्या सी-एज कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. खबरदारी म्हणून देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांना पेमेंटच्या जाळ्यापासून तोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी जोडणी सुरू झाली. या बँकांच्या स्वतःच्या शाखेत कितीही भारी पेटी असती तरी हे टळलं नसतं, कारण आग लागली होती दुसऱ्याच्या घरात. आपल्या पतसंस्थांचं सॉफ्टवेअर कुणाकडं आहे, त्यांच्याकडं सुरक्षा काय आहे, हे विचारलंय का कधी?

आता पैशाचा खरा मुद्दा. नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला त्यात टप्पे पाडले. बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला यातलं काही लागू नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या छत्राखाली नाही, आणि तिच्या ठेवींना तो पाच लाखांचा विमाही नाही. म्हणजे ऊसतोडीची उचल वाचवून बाईनं ठेवलेले पंधरा हजार उद्या कुणी स्क्रीनवरून पळवले, तर तिच्या पाठीमागं फक्त संचालकांचा शब्द आहे. आणि संचालकांचा शब्द त्या कपाटावरच्या पेटीवर टेकलेला आहे, जिचं लायसन्स चौदा महिन्यांपूर्वी संपलंय.

बीड जिल्ह्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. ज्ञानराधा मल्टिस्टेटचे ठेवीदार २०२३ पासून आपल्याच पैशासाठी वणवण फिरायलेत, प्रकरण तपासात आणि कोर्टात आहे. तिथं कुठला हॅकर बाहेरून आलेला नव्हता. म्हणजे पेटी काय अडवते आणि काय अडवू शकत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वरून येणाऱ्या चोराला पेटी थोडाफार अडसर करील. आतल्या गोष्टीवर लक्ष ठेवायचं काम सभासदाचं आहे, आणि ते कुठल्याच डब्यात मिळत नाही.

एक संचालक मला म्हणले, "असं लिहून लोकांना भेडसावू नका, ठेवी काढायला रांग लागंल." त्यांची काळजी खोटी नाही. पण मला सांगा, आपण आजवर विचारल्यामुळं बुडालोत का न विचारल्यामुळं? विश्वास ठेवायचा असंल तर तो बघून ठेवावा. रांग लागण्याची भीती असंल तर उत्तर तयार ठेवा, प्रश्न बंद करू नका.

म्हणून पेटी घेणाऱ्यांना आणि सभासदांना हे प्रश्न देतो. पुढच्या सभेत विचारा. उत्तर लेखी मागा.

१. पेटी घेण्याआधी आपल्याच लाइनवर, आपल्याच कामाच्या दिवशी, सगळ्या तपासण्या चालू ठेवून पंधरा दिवस चालवून बघितली का? नामांकित कंपन्यांचे विक्रेते चाचणीला पेटी देतात. जो देत नाही त्याला नमस्कार करून वाटेला लावा.

२. तीन वर्षांचा एकूण खर्च किती? लायसन्स कोणत्या तारखेला संपतं? ती तारीख शाखेच्या भिंतीवर लिहा, कॅलेंडरवर संकष्टी लिहिता तशी.

३. मुख्य पासवर्ड कुणाकडं आहे? विक्रेत्याचा पहिला पासवर्ड बदलला का? पेटीचं सेटिंग बाहेरच्या इंटरनेटवरून उघडतं का? उघडत असंल तर आजच बंद करा.

४. दुरुस्ती आली की लावणार कोण, किती दिवसांत? नावानिशी माणूस सांगा.

५. हिशोबाची कॉम्प्युटरं, कॅमेरे आणि वायफाय वेगळ्या कप्प्यांत आहेत का? मोबाईल हॉटस्पॉट बंद आहे का?

६. पेटीतल्या नोंदी कोण वाचतं? केंद्राच्या सर्ट-इन संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे. त्याप्रमाणं नोंदी १८० दिवस ठेवायच्या आणि हल्ला झाला तर सहा तासांच्या आत कळवायचं. आपल्या संचालक मंडळातल्या किती जणांना हे माहिती आहे?

७. सगळ्या हिशोबाची प्रत जाळ्यापासून वेगळी, कुलपात ठेवलेली आहे का? ती परत उघडून बघितली का? पेटी हरली तर शेवटी हीच प्रत वाचवणार आहे.

या सातपैकी पाच प्रश्नांची उत्तरं बिनपैशाची आहेत. नवी पेटी घ्यायचीसुद्धा गरज नाही, असलेली नीट चालवा.

आता नाव का लिहिलं नाही ते सांगतो. दार उघडं आहे असं गावभर सांगितलं तर चोराला पत्ता दिल्यासारखं होतं. त्या व्यवस्थापकांनी माझ्यासमोर पासवर्ड बदलला, रोखपालाचा हॉटस्पॉट बंद केला आणि लायसन्सचा विषय महिन्याभरात मंडळापुढं ठेवायचं कबूल केलं. हार त्यांनी स्वतःच्या हातानं काढला. महिना झाला की मी परत जाणार आहे, त्याच पोराला घेऊन. झालं असंल तर झालं म्हणून लिहीन. नसंल झालं तर पुढच्या सभेत पुन्हा उठून उभा राहीन, आणि तेव्हा लाडू-चिवडा वाटायच्या आधी उत्तर घेईन.

तुमच्याही संस्थेत जा. कपाटावर बघा. दिवा लागलेला दिसंल. दिव्याच्या मागं कुणी जागं आहे का, एवढंच विचारा. आणि कुणाचे पैसे ऑनलाइन गेलेच तर लाजून घरात बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा आणि पोलिसात तक्रार द्या. पहिले काही तासच कामाचे असतात.